32 भागिले 6

(पडद्यावर: तिन्ही बाजूंनी मातीचे उंच बांध घातलेली रेंज. लाकडी चौकटी, पुठ्ठ्याची टार्गेट्स, पांढऱ्या रंगाच्या लोखंडी तबकड्या. एक स्पर्धक दोन्ही हात मोकळे सोडून उभा आहे.)

"आर यू रेडी?" थोडा वेळ शांतता. "स्टँड बाय." मग टायमरची पीप वाजते आणि तिथून पुढे झाडलेल्या प्रत्येक गोळीची वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत नोंदली जाते.

नेमबाजी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कोल्हापूरकर येतात. राही सरनोबत येते, 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ब्राँझ जिंकणारा स्वप्नील कुसाळे येतो. श्वास आवरून धरलेला, शरीर जागच्या जागी थिजलेलं. अमेरिकेतल्या या रेंजवर जे चाललंय ते त्याच घरातलं, पण स्वभावाने अगदी निराळं भावंड आहे. याला प्रॅक्टिकल शूटिंग म्हणतात. इथे स्पर्धक पळतो, वाकतो, भिंतीआडून डोकावतो आणि पळता पळताच नेम धरतो.

1976 मध्ये मिसूरी राज्यातल्या कोलंबिया गावी एक परिषद भरली आणि तिथे या खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना, आयपीएससी, उभी राहिली. जेफ कूपर तिचे पहिले अध्यक्ष. अचूकता, ताकद आणि वेग हे तिचं ब्रीद, आणि तिन्हींचा हिशेब एका भागाकारात बसवलेला आहे: मिळालेले गुण भागिले लागलेले सेकंद. 140 गुण 28 सेकंदांत मिळवले, तर उत्तर 5. नुसता वेग कामाचा नाही, कारण एक गोळी चुकली की तिचे 5 गुण जातात आणि वर दंडाचे 10. नुसती अचूकताही पुरत नाही, कारण घड्याळ थांबत नाही.

यातले बहुतेक स्पर्धक सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल वापरतात. एका मॅगझिनमध्ये पंधरा, वीस, त्याहूनही जास्त गोळ्या. या गर्दीत थोडे लोक कमरेला रिव्हॉल्व्हर लावून येतात. त्यांचा विभाग वेगळा आणि संख्येने अगदी लहान. स्टेज, म्हणजे टार्गेट्स आणि भिंतींची ठरवून दिलेली एकेक मांडणी, मात्र तेच, टार्गेट्स तीच, भागाकारही तोच.

अमेरिकन संघटनेच्या, म्हणजे यूएसपीएसएच्या नियमांत मोठ्या स्टेजला जास्तीत जास्त 32 गोळ्या लागतात. रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरमध्ये, म्हणजे गोळ्या भरायच्या फिरत्या नळकांड्यात, सहा. म्हणजे एकही गोळी वाया गेली नाही तरी पाच वेळा रिकामं करून पाच वेळा भरायचं. आणि एवढ्यावर भागत नाही. एका जागेवरून जास्तीत जास्त आठ गोळ्या लागाव्यात, असाही नियम आहे. आठाची जागा समोर आली की सहा गोळ्यांचा माणूस मध्येच रिकामा होतो, तोही उभ्या उभ्या, सगळी टार्गेट्स समोर दिसत असताना. पळताना भरलं तर तो वेळ पळण्यातच वसूल होतो. उभ्याने भरलं तर सगळं नुकसान अंगावर.

(पडद्यावर: स्टेज सुरू होण्याआधीची पाहणी. स्पर्धक रिकाम्या हातांनी फिरतायत, बोटाने नेम धरतायत. एकजण डोळे मिटून पुटपुटतोय.)

हा माणूस काय मोजतोय ते समजून घेऊ. पहिल्या जागेवर दोन टार्गेट्स, प्रत्येकी दोन गोळ्या, झाल्या चार. पुढच्या जागेवर चार टार्गेट्स, म्हणजे आठ. सरळ गेला तर चार झाडून, उरलेल्या दोन जिवंत गोळ्यांसकट सिलिंडर रिकामा करून, पळत पुढे जाईल. तिथे सहा झाडेल, थांबेल, भरेल, मग राहिलेल्या दोन. पण त्याने पाहिलंय की पुढच्या चारांपैकी एक टार्गेट पहिल्याच जागेवरून, भिंतीच्या कडेला जरा जास्त वाकलं की, दिसतं. तेही इथूनच उडवायचं. चार आणि दोन, सहा. पळता पळता भरायचं. पुढे सहा. उभ्याने भरणं टळलं. मात्र त्यात एक जरी गोळी चुकली, तर भरपाईला सातवी नाही आणि आखलेलं सगळं तिथेच विस्कटतं.

मला या खेळातलं सगळ्यात देखणं काही वाटत असेल तर ते हेच. पिस्तूलवाल्याला स्टेज टार्गेट्सची रांग म्हणून दिसते. रिव्हॉल्व्हरवाल्याला आपण कुठे कुठे रिकामे होणार, ते आधी दिसतं.

(पडद्यावर: हातांचं जवळून चित्रण, संथ गतीत.)

आता हात बघा. अंगठ्याने खटका दाबला, सिलिंडर डावीकडे बाहेर आला. नळी आभाळाकडे. तळहाताचा एकच ठोसा सिलिंडरमधल्या दांडीवर, आणि सगळ्या पुंगळ्या, म्हणजे झाडलेल्या काडतुसांची कवचं, एकत्र खाली. नळी जमिनीकडे. कमरेच्या पट्ट्यावरून गोळ्यांचा नवा जुडगा आला, भोकांत पडला, सिलिंडर बंद. एवढं होईपर्यंत पाय पळतच असतात, बोट ट्रिगरच्या कडीबाहेर असतं आणि नळीचं तोंड ठरलेल्या मर्यादेच्या आत. ती मर्यादा ओलांडली तर पंच जागच्या जागी थांबवतो आणि त्या स्पर्धकाचा सामना संपतो. काहीजण रिव्हॉल्व्हर उजव्या हातातच ठेवून डाव्याने भरतात, काही ते डाव्यात घेऊन उजव्याने. दोन्ही पंथांचे लोक आपापल्या बाजूने तासन् तास बोलू शकतात.

गोळ्यांना एकत्र धरून ठेवणाऱ्या त्या पोलादी चकतीला मून क्लिप म्हणतात, आणि तिचा जन्म पहिल्या महायुद्धातला आहे. अमेरिकेच्या सैन्याला पिस्तुलं कमी पडली, तेव्हा कोल्ट आणि स्मिथ अँड वेसन यांना पिस्तुलाचंच .45 काडतूस झाडणारी रिव्हॉल्व्हर्स बनवायला सांगितलं गेलं. अडचण अशी की त्या काडतुसाला बुडाशी बाहेर आलेली कडा नाही. पुंगळ्या बाहेर ढकलायच्या तर दांडीला धरायला काहीच नाही. त्यावर तीन गोळ्या धरणारी अर्धचंद्राकार क्लिप निघाली आणि 1917 च्या मॉडेलबरोबर ती सैनिकांच्या हाती गेली. पूर्ण गोल क्लिप बरीच नंतर आली. एका काडतुसाची उणीव झाकायला केलेली ही युक्ती आज शर्यतीतलं सगळ्यात वेगवान साधन आहे.

पण ती नाजूक आहे. क्लिप केसभर वाकली तरी सिलिंडर अडखळतो, ट्रिगर जड होतो. म्हणून चांगला स्पर्धक सामन्याआधी प्रत्येक क्लिप सिलिंडरमध्ये घालून, फिरवून बघतो. शंका आलेली क्लिप सरावाच्या डब्यात जाते.

2014 मध्ये यूएसपीएसएने नियम बदलला. आठ गोळ्यांच्या रिव्हॉल्व्हरला परवानगी मिळाली, पण कमी ताकदीच्या गटात. ताकद मोजतात ती अशी: गोळीचं वजन ग्रेनमध्ये, वेग सेकंदाला फुटांमध्ये, दोन्हींचा गुणाकार, भागिले हजार. 165 च्या वर मेजर, 125 च्या वर मायनर. मायनरमध्ये मधल्या गाभ्याबाहेर लागलेल्या गोळीला एक गुण कमी. तरीही लोक आठाकडे वळले, कारण आठाची जागा आता एका दमात संपते. 32 भागिले 8, म्हणजे भरणं फक्त तीनदा. बदल योग्यच होता, असं मी म्हणेन. नवीन माणूस त्यामुळे टिकतो. पण .45 चं सहा गोळ्यांचं जड रिव्हॉल्व्हर आणि त्याचं ते कठीण गणित मागे पडलं, याची हळहळ वाटतेच.

या बदलाने एक म्हातारं काडतूसही परत आणलं. .38 शॉर्ट कोल्ट, 1870 च्या दशकातलं. .357 मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये ते चालतं, आणि त्याची पुंगळी मॅग्नमच्या जेमतेम साठ टक्के लांब. लांब पुंगळी दांडीच्या एका ठोशात पुरती बाहेर येत नाही, ही आखूड अलगद पडते. भरतानाही आखूड, गोल नाकाच्या गोळ्यांचा जुडगा कमी डगमगतो आणि भोकं स्वतःच शोधतो.

(पडद्यावर: जुनं चित्रण. लुइझियानाचा जेरी मिक्युलेक.)

बोटाचा वेग कुठवर जातो हे एड मॅकगिव्हर्नने 1932 मध्येच दाखवलं होतं: पाच गोळ्या, 0.45 सेकंद. जेरी मिक्युलेकने 1999 मध्ये आठ गोळ्या एका सेकंदात झाडल्या, आणि लोक त्याला त्यासाठी ओळखतात. मला त्याचा त्याच वर्षीचा दुसरा विक्रम मोठा वाटतो. सहा गोळ्या, भरणं, पुन्हा सहा गोळ्या, सगळं मिळून 2.99 सेकंद. मघाशी संथ गतीत पाहिलेली ती अख्खी कसरत या तीन सेकंदांच्या पोटात आहे.

ज्यांना पिस्तूलवाल्यांच्या गर्दीत उतरायचं नाही, त्यांच्यासाठी 1991 पासून फक्त रिव्हॉल्व्हरच्या स्पर्धा घेणारी संघटना आहे, आयकोर. तिथे भागाकार नाही. लागलेला वेळ, अधिक नेम हुकल्याचे दंडाचे सेकंद, बस्स. तिच्या क्लासिक विभागात मून क्लिपही चालत नाही. सहा गोळ्यांचं साधं रिव्हॉल्व्हर, नेम धरायला साधी माशी आणि पूर्वी अमेरिकेतले पोलीस शिपाई कमरेला लावायचे तसले, सगळ्या गोळ्या एकदम भरणारे गोल स्पीडलोडर. सुरुवात करायची असेल तर तिथूनच करावी. हात तिथे लवकर शिकतात.