जोखीम कोणाच्या खात्यावर?

नमस्कार. मला विषय दिला आहे ‘नेतृत्व, जोखीम आणि बदल’. तिन्ही शब्द भारदस्त. समोर बसलेले तुम्ही बहुतेक जण नव्यानेच मुख्याध्यापक झालेले आहात, तेव्हा हे शब्द तुमच्या कानांवरून एव्हाना पुष्कळदा गेले असतील. मी आपली सूचना वहीपासून सुरुवात करते.

मुख्याध्यापक झाले त्या पहिल्याच वर्षी एका प्रशिक्षणाहून मी फार भारावून आले होते. त्या भरात शुक्रवारी एक सूचना लिहिली. सोमवारपासून पाचवी ते सातवीच्या सर्व वर्गांत बाक गटांत लावावेत, मुलांनी समोरासमोर बसावं आणि गटचर्चेतून शिकावं. शिपाईमामा वही घेऊन वर्गावर्गांत फिरले आणि शेवटच्या तासापर्यंत सगळ्यांच्या सह्या होऊन वही माझ्या टेबलावर परत आली. एकाही शिक्षकाने ‘का?’ असं विचारलं नाही. याला मी तेव्हा सहकार्य समजले होते.

सोमवारी तिसऱ्या तासाला फेरी मारली. बाक अगदी सांगितल्याप्रमाणे होते. मला धन्य वाटलं. मग सहावीच्या एका वर्गाच्या दारात जरा जास्त वेळ थांबले. सर फळ्यावर उदाहरण सोडवत होते आणि मुलं ते उतरवून घेत होती. ज्यांची पाठ फळ्याकडे आली होती ती मान मागे वळवून एक ओळ वाचायची, पुढे वळून लिहायची, की पुन्हा मागे. एका मुलीने शेवटी वही मांडीवर घेतली आणि ती सरळ बाकावर उलटी फिरून बसली. शिकवणं तसूभरही बदललं नव्हतं. बदल झाला होता तो मुलांच्या मानांना.

तीन आठवड्यांनी त्याच वर्गाचे गणिताचे सर माझ्या खोलीच्या दारात आले. आत न येताच म्हणाले, “बाई, पोरांच्या माना दुखतात.” मी विचारलं, “सर, हे तुम्हाला कधी कळलं?” ते म्हणाले, “पहिल्याच दिवशी.”

हे ‘पहिल्याच दिवशी’ माझ्या फार जिव्हारी लागलं. तीन आठवडे शाळेतल्या प्रत्येक शिक्षकाला ठाऊक होतं की हे काही चालत नाही, आणि ते फक्त मला ठाऊक नव्हतं. कारण मी सह्या घेतल्या होत्या. सही केलेल्या माणसाने तक्रार करायची म्हणजे ‘तुम्हाला जमलं नाही’ हा शिक्का स्वतःवर मारून घ्यायचा. जोखमीची कल्पना माझी, कौतुक झालं असतं तर माझं, आणि फसलं तर त्यांचं. हिशेब साधा होता आणि तो त्यांनी माझ्याआधी मांडला होता.

मला आज नेतृत्वाबद्दल जे काही बोलायचं आहे ते याच हिशेबाबद्दल आहे. बदल फसला तर तो कोणाच्या खात्यावर पडतो?

एमी एडमंडसन नावाच्या अमेरिकन संशोधिकेने १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या वेगवेगळ्या विभागांत औषधं देताना होणाऱ्या चुका अभ्यासल्या. ज्या विभागांचं एकमेकांशी चांगलं जमतं, जिथल्या प्रमुख समजूतदार आहेत, तिथे चुका कमी असतील अशी तिची अटकळ. आकडे नेमके उलटे आले. चांगल्या विभागांत चुका जास्त! बराच काळ डोकं खाजवल्यावर तिच्या लक्षात आलं की तिथे चुका जास्त होत असतीलच असं नाही, त्या जास्त सांगितल्या जात होत्या. वाईट विभागांत त्या झाकल्या जात होत्या. शाळेला हे जसंच्या तसं लागू पडतं. ज्या शाळेत सगळे उपक्रम ‘उत्साहात संपन्न’ होतात आणि अहवालात एकही गोष्ट फसलेली दिसत नाही, त्या शाळेत सहसा फसलेलं सांगायला कोणी धजत नसतं. तुमच्या शाळेचा गेल्या वर्षीचा अहवाल घरी गेल्यावर जरा या नजरेने वाचून पाहा.

तर बाक सरळ केले. पण मग करायचं काय? मी जरा रागात आणि जरा लाजेत ठरवलं की पुढचं जे काही असेल ते आधी मी करीन, आणि सगळ्यांसमोर. सहावीचा गणिताचा एक तास घेतला. विषय अपूर्णांकांचा लहान-मोठेपणा. मागे भिंतीला टेकून सात-आठ शिक्षक बसले होते. मी मोठ्या तोऱ्यात विचारलं, दोन छेद तीन मोठा की तीन छेद चार? एक मुलगा म्हणाला, “दोन्ही सारखे.” का रे? “दोन्हीत एकेकच तुकडा कमी आहे, बाई.”

मी गडबडले. मागे सात-आठ जोडी डोळे. म्हणाले, “नाही, चूक. छेद समान करून बघू या.” आणि फळ्यावर आठ छेद बारा, नऊ छेद बारा करून मोकळी झाले. मुलगा खाली बसला. त्याला काहीही कळलेलं नव्हतं, हे त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलं होतं.

तास संपल्यावर शिक्षक खोलीत बसलो. सुरुवातीला सगळे ‘छान झाला’ वगैरे म्हणाले. मग तेच गणिताचे सर हळूच म्हणाले, “पोराचं निम्मं बरोबर होतं, बाई. दोन्हीत एकेक तुकडा कमीच आहे की. त्याला एवढंच विचारायला हवं होतं, की कमी असलेला तुकडा कशातला मोठा?” तिसरा हिस्सा मोठा की चौथा हिस्सा मोठा. जिथे मोठा तुकडा कमी, तो अपूर्णांक लहान. छेद समान करायची गरजसुद्धा नव्हती. पोराने अर्धं उत्तर माझ्या हातात ठेवलं होतं आणि मी ते पुसून टाकलं.

त्या दिवशी शिक्षक खोलीत पाऊण तास अपूर्णांकांवर चर्चा झाली. भाषेच्या बाईसुद्धा थांबल्या. सूचना वहीने जे झालं नव्हतं ते माझ्या एका फसलेल्या तासाने झालं.

जपानमध्ये हे अपघाताने होत नाही, ती पद्धतच आहे, आणि तिला शंभराहून अधिक वर्षं झाली आहेत. शिक्षक मिळून एक पाठ आखतात, एक जण तो शिकवतो, बाकीचे वर्गात उभे राहून बघतात. बघायचं असतं मुलांकडे. कोण कुठे अडलं, कोणी काय खोडून पुन्हा लिहिलं. नंतरच्या चर्चेत शिक्षकाची परीक्षा घ्यायची नसते, पाठाची घ्यायची असते. पाठ सगळ्यांनी मिळून आखलेला, त्यामुळे फसला तरी तो एकट्याच्या डोक्यावर फुटत नाही.

न्यूझीलंडच्या विव्हियन रॉबिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये शालेय नेतृत्वावरच्या २७ प्रकाशित अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. प्रेरणा देणारं, भविष्याची स्वप्नं दाखवणारं नेतृत्व एकीकडे आणि शिकण्या-शिकवण्याच्या कामात स्वतः उतरणारं नेतृत्व दुसरीकडे. मुलांच्या शिकण्यावर दुसऱ्याचा परिणाम पहिल्याच्या तिपटी-चौपटीने जास्त दिसला. त्यातही सगळ्यात उठून दिसली ती गोष्ट म्हणजे प्रमुखाने शिक्षकांच्या शिकण्यात स्वतः सामील होणं. प्रशिक्षणाचं उद्घाटन करून निघून जाणारे मुख्याध्यापक आपण सगळ्यांनी पाहिलेले आहेत. मीही काही वर्षं तेच करत होते. नारळ फोडायचा आणि ‘ऑफिसात काम आहे’ म्हणून सटकायचं.

आता वेगाबद्दल थोडं. अमेरिकेत टेनेसी राज्यात १९८५ पासून एक मोठा, नीट आखलेला प्रयोग झाला. लहान वर्गांत १३ ते १७ मुलं, नेहमीच्या वर्गांत २२ ते २५. लहान वर्गांतली मुलं स्पष्टपणे पुढे गेली. हे पाहून कॅलिफोर्नियाने १९९६ च्या उन्हाळ्यात ठरवलं की पहिल्या काही इयत्तांत वर्गात २० च मुलं ठेवायची, आणि त्याच शरद ऋतूत शाळांनी ते सुरूही केलं. कल्पना उत्तम, पैसा मुबलक. पण एवढे शिक्षक आणायचे कुठून? एवढ्या खोल्या? ग्रंथालयं आणि व्यायामशाळा वर्ग झाल्या. प्रशिक्षण पुरं न झालेली माणसं वर्गांवर उभी राहिली. सुस्थितीतल्या वस्त्यांमध्ये नव्या जागा निघाल्या तशा गरीब वस्त्यांतल्या शाळांमधून अनुभवी शिक्षक तिकडे गेले. म्हणजे टेनेसीत ज्या मुलांना सगळ्यात जास्त लाभ झाला होता, नेमकी तशीच मुलं इथे शिक्षक गमावून बसली. जोखीम घेतली राजधानीतल्या लोकांनी, आणि ती पडली कोणाच्या खात्यावर?

याच्या शेजारी फिनलंड ठेवा. सगळ्या मुलांसाठी एकच समान शाळा, असा कायदा तिथे १९६८ मध्ये झाला. अंमलबजावणी सुरू झाली १९७२ मध्ये, तीही दूर उत्तरेकडच्या विरळ वस्तीतून. राजधानीच्या परिसरात ती पोचली १९७७ मध्ये. विरोध कडक होता, म्हणून गणित आणि परक्या भाषांसाठी वेगवेगळ्या पातळ्यांचे गट ठेवायची तडजोड केली आणि ती १९८५ पर्यंत चालू दिली. शिक्षकांना पदव्युत्तर पदवी आवश्यक केली १९७९ मध्ये. शाळा तपासणी बंद झाली ती थेट १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला. फिनलंडचं गुणगान करणारे लोक हा क्रम सांगत नाहीत. आधी शिक्षक घडवले, मग तपासनीस घरी पाठवला. हा क्रम उलटा करून पाहा म्हणजे काय होतं ते कळेल. किंबहुना नकाच पाहू.

इथे कोणी म्हणेल, एवढं जपून चालायचं तर जोखीम कसली? प्रश्न रास्त आहे. म्हणून ताराबाई मोडकांची आठवण काढते. राजकोटला स्त्री-शिक्षिकांच्या अध्यापन महाविद्यालयाचं प्राचार्यपद त्यांच्याकडे होतं. त्या काळी एका बाईला असं पद मिळणं केवढी गोष्ट! ते सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात गेल्या, लहान मुलांबरोबर काम करायला. पुढे १९४५ मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, शहरातलं जमलेलं काम मागे ठेवून आदिवासी भागातल्या बोर्डी गावी आल्या. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. आदिवासी मुलं शाळेत येईनात. कशी येणार, धाकटी भावंडं सांभाळायची, गुरं राखायची. मग ताराबाईंनी शाळाच उचलून मुलांकडे नेली. वस्तीच्या अंगणात भरली ती अंगणवाडी, गुरं चरत होती तिथे भरली ती कुरणशाळा. यात पद गेलं ते ताराबाईंचं, सोय गेली ती त्यांची. मुलांचं काय गेलं? काहीच नाही, त्यांना गुरंसुद्धा सोडावी लागली नाहीत. जोखीम मोठी होती, पण ती योग्य खात्यावर होती.

मुलाची सहावी एकदाच येते. ती आपल्या प्रयोगात वाया गेली तर पुढच्या वर्षी भरून देता येत नाही. म्हणून मी पुढे स्वतःपुरता एक नियम केला. जे परत फिरवता येतं ते एका वर्गात, एका महिन्यासाठी, लगेच करून बघायचं. समित्या नेमायच्या नाहीत. जे परत फिरवता येत नाही, म्हणजे अध्यापनाचं माध्यम बदलणं, एखादी तुकडी मोडणं, एखादा विषय काढून टाकणं, तिथे माझा उत्साह पुरेसा धरायचा नाही.

जाता जाता एक. हजेरी नावाने न घेता यंत्रावर घ्यायचं आम्ही ठरवलं, रोजची दहा मिनिटं वाचली. सगळे खूश. चौथीच्या एक बाई मात्र नाव पुकारूनच हजेरी घेत राहिल्या. मला वाटलं, जुनं वळण. विचारल्यावर म्हणाल्या, “दिवसात प्रत्येक पोराचा आवाज एकदा तरी कानावर पडतो. ‘हजर’ म्हणण्यावरून कळतं, रडून आलंय की जेवून आलंय.” मी ते यंत्र काही काढलं नाही. पण त्यांना थांबवलंही नाही, आणि पुढे प्रत्येक जुन्या गोष्टीला हात लावण्याआधी ती कशासाठी होती हे विचारायची सवय लागली. दर वेळी उत्तर मिळतंच असं नाही. काही गोष्टी खरोखरच उगीच चालू असतात.

फसलेल्या त्या तासानंतर साधारण दोन महिन्यांनी गणिताचे सर पुन्हा माझ्या दारात उभे. या वेळी आत आले, खुर्चीवर बसले. म्हणाले, “उद्या पाचव्या तासाला याल का वर्गात? मापनाचं काहीतरी वेगळं करून बघणार आहे. बहुतेक फसेल.”

मी म्हणाले, “कुठली तुकडी?”

दुसऱ्या दिवशी तास खरोखरच फसला. मुलांना मैदानावर नेऊन पावलांनी लांबी मोजायची होती, आणि पावलं कोणाची धरायची यावरच भांडण जुंपलं. सर घामाघूम झाले होते. संध्याकाळी शिक्षक खोलीत त्यांनीच विषय काढला. म्हणाले, भांडू द्यायला हवं होतं, मी मध्येच पट्टी काढून दिली.