आधी बोट, मग घर : आउटर हेब्रिडीजमध्ये राहायचं कुठे?

(दृश्य : उंचावरून दिसणारी बेटांची रांग. एका बाजूला पांढरी वाळू, दुसऱ्या बाजूला करडा खडक.)

स्कॉटलंडच्या वायव्येला, भर अटलांटिकच्या तोंडावर, ही बेटं उभी आहेत. आउटर हेब्रिडीज. उत्तरेला लुईस, त्याला जमिनीनेच जोडलेलं हॅरिस, खाली नॉर्थ युइस्ट, बेनबेक्युला, साउथ युइस्ट, एरिस्के आणि पार दक्षिणेला बॅरा आणि व्हॅटरसे. सगळ्यांची मिळून वस्ती 26 हजारांच्या आसपास.

इथली सुट्टी ठरवताना बहुतेक जण सुरुवात करतात ती घरांच्या फोटोंपासून. भिंतभर काच, काचेपलीकडे समुद्र, कोपऱ्यात लाकडाची शेगडी. घर पसंत पडतं, पैसे भरले जातात, आणि मग कळतं की त्या शनिवारी गाडी न्यायला बोटीत जागाच उरलेली नाही.

म्हणून इथे क्रम उलटा ठेवायचा. आधी बोट, मग वार, मग किनारा. घर सगळ्यात शेवटी.

(दृश्य : अलापूलचा धक्का. रांगेत उभ्या गाड्या.)

मुख्य भूमीवरून इथे यायचे मार्ग मोजके आहेत. अलापूलहून लुईसमधल्या स्टॉर्नोवेला जायला अडीच-पावणेतीन तास. स्काय बेटावरच्या ऊइगहून हॅरिसच्या टार्बर्टला सुमारे पावणेदोन तास. ओबनहून बॅराच्या कासलबेला पाच तासांच्या आसपास. पायी चढणाऱ्याला सहसा जागा मिळून जाते, अडतं ते गाडीचं. 2008 मध्ये या बेटांसाठी बोटीचं भाडं रस्त्यावरच्या प्रवासखर्चाच्या हिशोबाने लावायला सुरुवात झाली. गाडी आणणं स्वस्त झालं आणि उन्हाळ्यात बोटी भरून जायला लागल्या. जुलै-ऑगस्टमध्ये जायचं असेल तर बोटीचं बुकिंग हातात आल्याशिवाय घराचे पैसे भरू नयेत.

नकाशावर ही बेटं एकमेकांना चिकटलेली दिसतात आणि काही ठिकाणी ती खरोखरच भराव टाकून जोडलेली आहेत. हॅरिस आणि नॉर्थ युइस्टच्या मधल्या बर्नरे या छोट्या बेटाचा भराव 1999 चा, एरिस्केचा 2001 चा. व्हॅटरसेचा 1991 चा. त्याआधी तिथली गुरं बाजाराला न्यायची तर खाडीतून पोहवत न्यावी लागत. 1986 मध्ये असाच एक नावाजलेला वळू बुडून मेला, त्याची बातमी झाली आणि भरावाच्या मागणीला जोर चढला. पण दोन ठिकाणी रांग अजूनही तुटलेली आहे : हॅरिस ते बर्नरे एक तासाची बोट आणि एरिस्के ते बॅरा चाळीस मिनिटांची. त्यामुळे लुईसमध्ये घर घेऊन ‘बॅरा एका दिवसात बघून येऊ’ असं कुणी म्हणत असेल, तर त्याने नकाशा नीट बघितलेलाच नाही. टोकापासून टोकापर्यंत सायकलवाल्यांसाठी आखलेला मार्गच 297 किलोमीटरचा आहे. रस्ते बऱ्याच ठिकाणी एकपदरी. समोरून गाडी आली की बाजूच्या रुंद जागेत थांबायचं, तिला जाऊ द्यायचं, हात हलवायचा. आठवड्याभराच्या सुट्टीत दोन मुक्काम पुष्कळ झाले.

आता वाराचा प्रश्न.

(दृश्य : रविवार सकाळ. चर्चबाहेर गाड्या, बाकी रस्ता मोकळा.)

सुट्टीची घरं अनेकदा शनिवार ते शनिवार भाड्याने मिळतात. आणि शनिवारनंतर रविवार येतो! लुईस आणि हॅरिस ही कडक प्रोटेस्टंट पंथाची बेटं. इथे रविवार पाळतात. स्टॉर्नोवेहून रविवारी पहिली नियमित फेरीबोट सुटली ती 2009 च्या जुलैमध्ये, आणि तीही मोठ्या वादानंतर. स्टॉर्नोवेचं टेस्को हे सुपरमार्केट रविवारी उघडायला लागलं 2024 च्या नोव्हेंबरमध्ये. हॅरिसच्या एखाद्या खेड्यात शनिवारी रात्री रिकाम्या हाताने पोचलात, तर दुसऱ्या दिवशी दूध-पाव मिळेल या भरवशावर राहू नका. अलापूलला बोटीत चढण्यापूर्वीच किराणा भरा. रविवारी बाहेर दोरीवर कपडे वाळत घालू नयेत असाही जुना रिवाज आहे. घरमालकाने तशी विनंती केली असेल तर ती पाळावी, पावसाने ते कपडे तसेही वाळले नसतेच.

दक्षिणेकडची साउथ युइस्ट, एरिस्के आणि बॅरा ही कॅथलिक बेटं. तिथला रविवार इतका कडक नाही. मुलंबाळं बरोबर असतील आणि आठवड्यातला एक दिवस शांत बसणं जमणार नसेल, तर हा एकच मुद्दा मुक्काम दक्षिणेकडे वळवायला पुरेसा आहे.

(दृश्य : हॅरिस. लस्कंटायरची वाळू. मग कट. पूर्वेकडचे खडक.)

आणि आता किनारा. खरी निवड होते ती हॅरिसमध्ये.

पश्चिमेला लस्कंटायर, सेलेबॉस्ट, हॉर्गाबॉस्ट, स्कारिस्टा. मैलभर पांढरी वाळू, हिरवट निळं पाणी आणि वाळूमागे ‘माखर’ म्हणजे शिंपल्यांच्या चुऱ्याने सुपीक झालेलं सपाट गवताळ रान. जून-जुलैत ते फुलांनी भरून जातं. सगळ्यांना घर हवं असतं ते इथेच. घरं थोडी, भाडं चढं, आणि अटलांटिकचा वारा थेट दारावर.

पूर्वेला ‘बेज’ नावाचा भाग. नुसता खडक. मधेमधे पाण्याची डबकी, आत घुसलेल्या चिंचोळ्या खाड्या आणि प्रत्येक खाडीच्या तोंडाशी चार घरं. ही वस्ती इथे आपखुशीने आलेली नाही. एकोणिसाव्या शतकात जमीनदारांनी पश्चिमेची चांगली जमीन मेंढ्यांसाठी मोकळी केली आणि माणसांना या खडकावर ढकललं. त्यांनी समुद्रातलं शेवाळ वाहून आणलं, मूठ-मूठ माती गोळा केली, खडकावर उंच वाफे घातले आणि त्यात बटाटे लावले. ते वाफे आजही रस्त्यावरून ओळखू येतात. मातीचा थर इतका पातळ, की मेलेल्या माणसाला पुरायलाही जमीन नव्हती. शवपेटी खांद्यावर घेऊन डोंगर ओलांडायचा आणि पश्चिमेला, लस्कंटायरला दफन करायचं. ती वाट अजून आहे. प्रवासी आता तिच्यावर हौसेने चालायला जातात.

आमचं मत विचाराल तर मुक्काम पूर्वेला करावा. पश्चिमेचा वारा मधल्या डोंगरांमुळे थोडा अडतो, खिडकीतून खाडीतले सील दिसतात आणि लस्कंटायरची वाळू काही पळून जात नाही, गाडीने सहज जाता येतं. एकच अडचण. वारा पडला की संध्याकाळी ‘मिज’ निघतात. चिलटांहून बारीक, पण झुंडीने येणाऱ्या आणि कडकडून चावणाऱ्या या माश्या. पश्चिमेला वारा त्यांना उभं राहू देत नाही. त्यामुळे तंबूत राहणार असाल तर हा सल्ला उलटा वाचा.

तंबूचं निघालंच आहे तर, स्कॉटलंडच्या 2003 च्या जमीन कायद्याने मोकळ्या रानात जबाबदारीने तंबू ठोकायची मुभा दिलेली आहे. कॅम्परव्हॅनला ती लागू नाही. माखरवर गाडी चढवून रात्र काढणं हा हक्क नव्हे, ती कुणाची तरी चराऊ जमीन असते.

(दृश्य : गॅरेनिन. गवती छपरं, दोरांना लटकवलेले दगड.)

छप्पर हवंच असेल तर लुईसच्या पश्चिम किनाऱ्यावर गॅरेनिन आहे. ही इथल्या जुन्या ‘ब्लॅकहाउस’ घरांची वस्ती. भिंतीत दगडांचे दोन थर, मधे माती भरलेली. वर गवत, गवतावर दोर आणि दोरांच्या टोकांना दगड, वाऱ्याने छप्पर उडू नये म्हणून. 1974 पर्यंत इथे माणसं राहत होती. पुढे घरं दुरुस्त झाली, आणि आता तीच भाड्याने मिळतात.

पैसे कमी असतील तर हर्बर्ट गॅटलिफ यांच्या पुढाकाराने 1961 मध्ये सुरू झालेल्या न्यासाची साधी वसतिगृहं आहेत. बर्नरेचं तर पाण्याला लागून. एकावर एक खाटा, सामायिक स्वयंपाकघर आणि चहाच्या वेळी अनोळखी सायकलस्वाराचं वाऱ्याबद्दलचं गाऱ्हाणं.

आणि पैसे जास्त असतील तर स्टॉर्नोवेच्या बंदरासमोरचा ल्यूज कासल. तिथेही प्रवाशांसाठी खोल्या काढल्या गेल्या, सध्या मिळतात का ते आधी विचारा. मुंबईकरांनी या वाड्याकडे जरा थांबून बघावं. जेम्स मॅथेसनने 1844 मध्ये अख्खं लुईस बेट विकत घेतलं आणि हा वाडा बांधला तो चीनशी केलेल्या अफूच्या व्यापारातून. ती माळव्याची अफू मुंबई बंदरातून जायची, आणि मॅथेसनच्या कंपनीला माल पुरवणाऱ्यांत मोठं नाव होतं सर जमशेटजी जीजीभॉय यांचं. भायखळ्याचं जे. जे. रुग्णालय आणि हा स्कॉटिश वाडा, दोन्हींत एकाच धंद्याचा पैसा आहे.

(दृश्य : युइस्ट. सपाट माळ, गवत, संध्याकाळ. जून असल्याने रात्री साडेदहालाही उजेड.)

युइस्टमध्ये घर निवडताना दुकान किती लांब आहे तेवढं बघा. बाकी पश्चिमेला सगळीकडे वाळूच. नॉर्थ युइस्टच्या बालरानाल्डला उतरलात तर कॉर्नक्रेकची गाठ पडेल. आफ्रिकेतून विणीला येणारा हा पक्षी दिसत नाही, पण गवतात बसून रात्रभर कंगव्यावर नख ओढल्यासारखा ओरडतो. पक्षीप्रेमी त्याच्यासाठी लांबून येतात. ज्यांची झोप सावध आहे त्यांनी पुढचं गाव बघावं.

शाकाहारींसाठी एक सूचना. न्याहारीसकट खोली घेतलीत तर सकाळी ताटात काळी चकती येण्याची शक्यता मोठी. तो स्टॉर्नोवेचा प्रसिद्ध ब्लॅक पुडिंग, रक्ताचा. आधी सांगून ठेवा, किंवा सरळ स्वयंपाकघरासकट घर घ्या आणि डाळ-तांदूळ बरोबर न्या.

जाहिरातीत परवाना क्रमांक आहे ना, हेही तपासा. 1 जानेवारी 2025 पासून स्कॉटलंडमध्ये पर्यटकांना घर भाड्याने द्यायला परवाना लागतोच.

शेवटची रात्र धक्क्याजवळ काढा. वाऱ्याने बोट रद्द होणं इथे नवलाचं नाही, म्हणून भारतात परतायचं विमान दुसऱ्याच दिवसाचं घेऊ नका. बॅराहून ग्लासगोला विमानाने जाणार असाल, तर तिथली धावपट्टी म्हणजे समुद्रकिनाऱ्याची वाळू. भरतीला ती पाण्याखाली जाते, त्यामुळे विमानाच्या वेळा ओहोटी बघून ठरतात. विमानतळावर विंडसॉक म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी फडकत असेल तर पायी वाळूवर उतरायचं नाही, मग शिंपले कितीही छान दिसोत.