चार-सात कुणाचा?

श्रोतेहो, नमस्कार.

लहान स्वयंसेवी संस्थेत इंटरनेट कसं येतं, हे जाणून घ्यायचं असेल तर मी एवढंच विचारतो, आज ऑफिसात कोण कोण आलंय? कारण पुष्कळदा ते कुणाच्या तरी पर्समधून येतं. हिशेब बघणाऱ्या ताईंच्या मोबाईलचा हॉटस्पॉट चालू, त्यावर तीन कॉम्प्युटर चालू. ताई बँकेत गेल्या की इंटरनेटही बँकेत.

आणि कॉम्प्युटर? ते बहुधा देणगीत आलेले. याबद्दल माझं मत जरा कडू आहे. देणाऱ्याच्या ऑफिसात जे यंत्र रांगत होतं, ते इथे येऊन धावेल कसं? विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. म्हणून देणगी घेताना आधी विचारा, यात विंडोज ११ बसतं का? बसत नसेल तर विंडोजच्या जागी लिनक्स टाका, त्यावर लिब्रेऑफिस चालतं, पत्रं आणि तक्ते त्यात छान होतात, पैसे पडत नाहीत. नाहीतर सरळ नको म्हणा. पण नको म्हणणं संस्थांना जमत नाही. जाऊ द्या, तो वेगळा विषय.

घरोघर फिरून माहिती गोळा करणाऱ्यांची सोय मात्र आता बरी झाली आहे. कोबो टूलबॉक्ससारख्या साधनात फॉर्म मोबाईलवर भरायचा. रेंज नसली तरी तो फोनमध्ये राहतो, रेंज आली की पाठवायचा.

आता मला ज्यासाठी बोलायचं होतं, तिकडे येतो. संस्थेच्या ईमेलला कुणाचा फोन नंबर जोडलाय? पुन्हा सांगतो, संस्थेच्या ईमेलला कुणाचा फोन नंबर जोडलाय?

एका संस्थेत मी आठवड्यातून एकदा कॉम्प्युटरची कामं बघायला जायचो. तिथे हॉटस्पॉटची भानगड नव्हती, खिडकीत इंटरनेट देणारं छोटं यंत्र, म्हणजे सिमकार्डवालं डोंगल, ठेवलेलं होतं, कारण रेंज तेवढ्याच खिडकीत यायची. एके दिवशी जुना कॉम्प्युटर बंद पडला. नेमकी त्याच रात्री बारा वाजता निधीच्या अर्जाची मुदत संपत होती. दुसऱ्या मशीनवर ईमेल उघडायला गेलो, तर पडद्यावर आलं, तुमच्या फोनवर कोड पाठवलाय, नंबरचे शेवटचे दोन आकडे चार-सात.

चार-सात कुणाचा? सगळ्यांनी आपापले फोन बघितले. नाही. जुन्या कार्यकर्त्यांना फोन लावले. नाही. सोडून गेलेल्या एका मुलीला झोपेतून उठवलं, ती बिचारी अर्ध्या झोपेत आपलाच नंबर आठवत बसली. दहा वाजले. (हे अर्ज भरून घेणारे लोक मुदत मध्यरात्रीची का ठेवतात, मला आजवर कळलेलं नाही. त्या वेळी अर्ज वाचायला कोण बसलेलं असतं?)

तेवढ्यात सगळ्यात तरुण कार्यकर्ता म्हणाला, "अहो, चार-सात तर आपल्या रिचार्जचा नंबर! मीच दर महिन्याला टाकतो."

नंबर डोंगलचाच! कोड आमच्या डोळ्यांसमोर खिडकीत येत होता आणि आम्ही सगळीकडे फोन फिरवत होतो. डोंगलमधल्या सिमवर मेसेज येतात, ते डोंगलच्या सेटिंगच्या पानावर वाचता येतात, बाजूला पाकिटाचं चिन्ह असतं. ते उघडलं, तर मेसेजची पेटी काठोकाठ भरलेली. नवा मेसेज शिरायला जागाच नाही.

म्हणून सांगतो, हा नंबर कुणाचा आहे ते आजच बघा. गूगलचं खातं असेल तर त्याच्या दुहेरी पडताळणीत, म्हणजे पासवर्डनंतर कोडही मागतात त्या सोयीत, आठ-आठ आकडी १० बॅकअप कोड मिळतात. त्यांची प्रिंट काढा, कपाटात कुलपात ठेवा. फोन हाताशी नसला तरी त्यातला एक कोड वापरून आत जाता येतं, मात्र एक कोड एकदाच चालतो.

तर, मी भराभर मेसेज पुसायला लागलो. जाहिरात, जाहिरात, रिचार्ज संपल्याची सूचना, जाहिरात. तिथल्या एका ताईंनी एकदम माझा हात धरला. "दादा, थांबा. ही जाहिरात नाहीये."

कुणीतरी मदत मागितली होती. खाली आणखी एकाने. संस्थेचं पहिलं पत्रक छापलं तेव्हा ऑफिसकडे दुसरा नंबरच नव्हता, त्यावर हाच छापला होता, आणि नंतर ते सिम डोंगलमध्ये गेलं. असे अकरा मेसेज निघाले. बारा वाजायला आले होते, तरी ताईंनी अर्जाच्या कच्च्या प्रतीमागे अकराच्या अकरा नंबर उतरवून घेतले, मगच मला पुढे पुसू दिलं. कोड आला. अर्ज बाराला दहा मिनिटं असताना गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंनी तो कागद समोर ठेवून एकेक नंबर फिरवायला घेतला. अकरापैकी चार लागले.

नमस्कार.