कोर्टानं सोडलं, मंडळानं धरून ठेवलं

श्रोतेहो, नमस्कार.

२५ जुलै २०१५ रोजी दिल्लीच्या पतियाळा हाउस न्यायालयानं आयपीएलमधल्या स्पॉट-फिक्सिंगच्या, म्हणजे पैसे घेऊन सामन्यातला एखादा भाग आधी ठरवल्याप्रमाणे खेळण्याच्या, खटल्यातल्या ३६ आरोपींना आरोपमुक्त केलं. राजस्थान रॉयल्सचे तीन खेळाडू त्यांत होते. केरळचा वेगवान गोलंदाज श्रीशांत, आपल्या मुंबईचा डावखुरा फिरकीपटू अंकित चव्हाण आणि हरयाणाचा अजित चंडिला. निकाल ऐकून श्रीशांतला कोर्टातच रडू कोसळलं. आणि भारतीय क्रिकेट मंडळानं लगोलग सांगून टाकलं, की फौजदारी खटला वेगळा, आमची शिस्तभंगाची कारवाई वेगळी. श्रीशांत आणि अंकितवरची आजन्म बंदी होती तशी राहील.

तेव्हा पुष्कळांना राग आला होता. कोर्टाला खटला चालवण्याइतकाही पुरावा दिसला नाही आणि हे कोण मोठे लागून गेले शिक्षा करणारे? राग समजण्यासारखा आहे. पण मला वाटतं, मंडळाचं ते म्हणणं मुळात बरोबर होतं. आणि तरीही या दोन खेळाडूंना जे भोगावं लागलं, त्यात अन्याय होता. हे दोन्ही एकदम कसं खरं असू शकतं, त्यावर आज बोलायचं आहे.

आधी कोर्टानं का सोडलं ते पाहू. दिल्ली पोलिसांनी या प्रकरणाला मकोका लावला होता. मकोका म्हणजे १९९९ साली आपल्या महाराष्ट्रानं केलेला संघटित गुन्हेगारीविरुद्धचा कायदा. मुंबईच्या टोळ्यांसाठी तो केला आणि २००२ मध्ये तो दिल्लीलाही लागू झाला. पोलिसांचं म्हणणं, सट्ट्याचे धागेदोरे दाऊद टोळीपर्यंत जातात. हे खेळाडू त्या टोळीचे साथीदार आहेत, हे काही कोर्टाला कागदपत्रांतून दिसलं नाही. मकोका गळाला. उरली काय, तर फसवणूक. पण फसवणुकीच्या कलमात कुणीतरी फसून आपली मालमत्ता दुसऱ्याच्या हवाली करावी लागते. तिकीट काढून सामन्याला बसलेल्या माणसाचं नक्की काय गेलं? कर्नाटक प्रीमियर लीगच्या प्रकरणात २०२२ साली कर्नाटक उच्च न्यायालयानं हेच सांगितलं, की सामना निश्चित करणं ही बेइमानी आहे, पण ४२० कलमात ती बसत नाही. कारवाई करायची तर ती क्रिकेट मंडळानं करावी.

म्हणजे गंमत बघा. या देशात सामना विकणं हा स्वतंत्र गुन्हाच नाही. तसा कायदा करण्याची चर्चा वर्षानुवर्षं चालू आहे. मग कोर्टाच्या निकालापर्यंत मंडळानं हात बांधून बसायचं ठरवलं, तर पैसे घेऊन धावा देणाऱ्याला शिक्षा कुठेच होणार नाही.

दुसरं असं, की कोर्ट माणसाला तुरुंगात घालतं. म्हणून तिथं संशयाला जागा उरता कामा नये. मंडळ फार तर मैदानाबाहेर ठेवतं. क्रिकेटच्या भ्रष्टाचारविरोधी संहितेत पुराव्याची पायरी म्हणूनच मधली ठेवली आहे. नुसती शक्यता पुरत नाही, आणि फौजदारी कोर्टाइतकी खात्रीही लागत नाही. समितीचं समाधान व्हायला हवं. आरोप जितका गंभीर, तितकं ते समाधान अधिक भक्कम असावं लागतं. यात मला काही वावगं दिसत नाही. बँकेतल्या रोखपालाचा हिशेब जुळेना, तर पोलिसांत गुन्हा सिद्ध होईपर्यंत तिजोरीची किल्ली त्याच्याच हातात ठेवा, असं कुणी म्हणत नाही.

आता ते मोहालीचं षटक. ९ मे २०१३, किंग्ज इलेव्हन पंजाबविरुद्ध. पोलिसांचा दावा असा, की श्रीशांतनं दुसऱ्या षटकात चौदा किंवा त्याहून जास्त धावा द्यायच्या ठरल्या होत्या आणि खूण म्हणून कमरेला छोटा टॉवेल खोचायचा होता. टॉवेल खोचला गेला. षटकात धावा गेल्या तेरा. श्रीशांत म्हणायचा, या षटकात नो बॉल नाही, वाइड नाही, पहिल्या चार चेंडूंत पाचच धावा दिल्या, मग मी षटक विकलं ते कसं? टेपवरची संभाषणं, बुकींशी असलेली ऊठबस यांवर मंडळाच्या समितीनं त्याला दोषी धरलं. सर्वोच्च न्यायालयानंही पुढे २०१९ मध्ये दोषी ठरवण्याच्या त्या निष्कर्षात हात घातला नाही. तो दोषी होता की नव्हता याचा निवाडा मी इथं करणार नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी तेव्हा मंडळाला जे सुनावलं, ते मला अधिक महत्त्वाचं वाटतं. तुमच्याच संहितेत पाच वर्षांपासून आजन्मापर्यंत शिक्षा सांगितली आहे. मग थेट शेवटच्या टोकाला का गेलात? गुन्हा किती मोठा, खेळाडूच्या बाजूनं काय म्हणता येईल, याचा विचार आदेशात कुठे आहे? तो करा आणि शिक्षा पुन्हा ठरवा, असं त्यांनी सांगितलं.

मंडळाचे लोकपाल, निवृत्त न्यायमूर्ती डी. के. जैन यांनी ती सात वर्षांवर आणली. १३ सप्टेंबर २०१३ पासून मोजून, म्हणजे सप्टेंबर २०२० पर्यंत. वेगवान गोलंदाज म्हणून याची उमेदीची वर्षं बहुधा सरलीच आहेत, असंही त्यांनी आदेशात नमूद केलं. किती खरं होतं ते! ११ जानेवारी २०२१ रोजी श्रीशांत पुन्हा खेळायला उतरला तो आपल्या वानखेडेवर, केरळकडून पुदुच्चेरीविरुद्ध. करोनामुळे प्रेक्षकांविना. एक बळीही घेतला. वय सदतीस. त्या वर्षीच्या आयपीएल लिलावात त्याचं नाव अंतिम यादीतही आलं नाही.

आणि अंकित? त्याचं नाव हल्ली कुणाच्या ओठावर नसतं. अटक झाली तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. लग्न ठरलेलं होतं, त्यासाठी कोर्टानं काही दिवसांचा जामीन दिला, तेवढी बातमी लोकांना आठवत असेल. त्याची आजन्म बंदी सात वर्षांवर आली ती २०२१ मध्ये. तोवर ती सात वर्षं केव्हाच उलटून गेली होती. म्हणजे नव्या हिशेबानं शिक्षा संपल्यावरही तो बाहेरच होता, कागद हातात पडायची वाट पाहत. मला खरा अन्याय दिसतो तो इथं. श्रीशांत केरळ उच्च न्यायालयात गेला, एक न्यायमूर्तींकडे जिंकला, दोन महिन्यांत खंडपीठाकडे हरला, मग सर्वोच्च न्यायालयात गेला. तो कसोटी खेळलेला, विश्वचषक जिंकलेल्या संघातला गडी होता. इतकी वर्षं वकील लावून भांडणं रणजीच्या सगळ्याच पोरांना झेपत नाही. एकानं लढायचं आणि दुसऱ्यानं त्याच्या निकालाच्या सावलीत उभं राहायचं, असं या व्यवस्थेचं रूप झालं आहे.

मंडळाला शिक्षेचा अधिकार आहे, हे मान्य. पण तो अधिकार वापरणारे हात कसे होते, हेही सांगायला हवं. त्याच मे २०१३ मध्ये मंडळाच्या तत्कालीन अध्यक्षांचे जावई गुरुनाथ मय्यप्पन यांना मुंबई पोलिसांनी सट्ट्याच्या प्रकरणात अटक केली. अध्यक्ष श्रीनिवासन यांच्या इंडिया सिमेंट्सकडे चेन्नईच्या संघाची मालकी. त्या चौकशीसाठी मंडळानं स्वतःच दोन निवृत्त न्यायाधीशांची समिती नेमली आणि तिला दोन महिन्यांत काहीच गैर सापडलं नाही! मुंबई उच्च न्यायालयानं ३० जुलैला ती समितीच बेकायदा ठरवली. पुढे सर्वोच्च न्यायालयानं नेमलेल्या लोढा समितीनं मय्यप्पन यांना आजन्म बाहेर काढलं आणि चेन्नई व राजस्थान या दोन्ही संघांना दोन वर्षं घरी बसवलं. पुणेकरांना गहुंजेवर धोनीचा संघ बघायला मिळाला तो या शिक्षेमुळे, दुसऱ्याच्या घरातली जागा रिकामी झाली म्हणून. असो. फिर्यादीही मंडळ, तपास करणारंही मंडळ, निकाल देणारंही मंडळ, आणि आरोपी घरातला असला की हात सैल, हे तेव्हा सगळ्यांना दिसलं.

मंडळानं शिक्षा केली आणि कोर्टानं ती उलटवली, असंही घडलेलं आहे. मोहम्मद अझरुद्दीनवर डिसेंबर २००० मध्ये आजन्म बंदी आली. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये बंगळुरूला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध त्यानं शतक काढलं होतं, ती त्याची नव्व्याण्णवावी कसोटी. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयानं ती बंदी बेकायदा ठरवली नोव्हेंबर २०१२ मध्ये. अझर तोवर एकोणपन्नास वर्षांचा झाला होता आणि मुरादाबादचा खासदार होता. शंभरावी कसोटी काही कोर्टाच्या निकालानं परत मिळत नाही.

अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये याचीच दुसरी बाजू दिसते. ट्रेव्हर बाऊर या नामांकित पिचरवर, म्हणजे तिथल्या गोलंदाजावर, एका महिलेनं अत्याचाराचा आरोप केला. त्यानं तो कायम नाकारला. फेब्रुवारी २०२२ मध्ये लॉस एंजेलिसच्या सरकारी वकिलांनी गुन्हा दाखल करायचा नाही असं ठरवलं. एप्रिलमध्ये लीगनं त्याला ३२४ सामन्यांसाठी निलंबित केलं, म्हणजे दोन पूर्ण हंगाम. तिथंही हाच वाद झाला, की खटलाच नाही तर शिक्षा कशाची? पण तिथला नियम लीगनं एकटीनं केलेला नाही. २०१५ साली खेळाडूंच्या संघटनेशी बसून तो ठरवला आहे. चौकशी चालू असताना बाऊर पगारी रजेवर होता. शिक्षेविरुद्ध तो लीगच्या बाहेरच्या लवादाकडे गेला, आणि लवादानं डिसेंबरमध्ये ३२४ चे १९४ सामने केले. आठ महिन्यांत प्रकरण संपलं. पुढच्या वर्षी बाऊर जपानमध्ये योकोहामाच्या संघाकडून खेळत होता.

श्रीशांतला २०१७ मध्ये स्कॉटलंडच्या एका क्लबकडून खेळायचं होतं. मंडळानं ना-हरकत पत्र दिलं नाही. क्रिकेटमध्ये एका देशाच्या मंडळानं दार लावलं की जगातली बाकीची दारं आपोआप लागतात. नोकरी गेलेला माणूस गावातल्या दुसऱ्या कचेरीत अर्ज तरी करू शकतो. म्हणून ‘आम्ही काही तुरुंगात घालत नाही, फक्त खेळू देत नाही’ हे मंडळाचं म्हणणं पूर्ण खरं नाही.

ज्यात कुठला फौजदारी गुन्हा नव्हताच, असंही एक प्रकरण आहे. २०१९ च्या जानेवारीत हार्दिक पंड्या आणि के. एल. राहुल एका टीव्ही कार्यक्रमात बायकांबद्दल वेडंवाकडं बोलले. ११ जानेवारीला निलंबन, दोघंही ऑस्ट्रेलियाहून परत. बोलले ते वाईटच होतं. पण चौकशी करायची कुणी? लोकपालच नेमलेला नव्हता! २४ तारखेला निलंबन उठवावं लागलं. पुढे लोकपाल आले आणि एप्रिलमध्ये प्रत्येकी वीस लाख दंड ठोठावला, त्यातले दहा लाख निमलष्करी दलांतल्या शहीद जवानांच्या पत्नींसाठी आणि दहा अंध क्रिकेटसाठी. हा शेवटचा आदेश मला आवडला. गुन्ह्याच्या मापानं शिक्षा, कारणं लिहिलेली, आणि वर्षं वाया न घालवता. पण आधी शिक्षा आणि मग न्यायाधीश, हा क्रम उलटा होता.

माझं मागणं अवघड नाही. मंडळानं कोर्टासाठी थांबू नये. मात्र तपास करणारे आणि निकाल देणारे वेगळे असावेत, चौकशी काही महिन्यांत संपावी, आदेशात शिक्षेच्या मापाची कारणं असावीत, आणि पहिलं अपील मंडळाबाहेरच्या माणसाकडे जावं. अंकितसारख्याला त्यासाठी सर्वोच्च न्यायालयाची पायरी चढावी लागू नये.

हे मंडळाकडे मागायचं कुणी, हा प्रश्न उरतो. बेसबॉलवाल्यांची संघटना वाटाघाटीला बसते. आपल्याकडे २०१९ मध्ये भारतीय क्रिकेटपटूंची संघटना झाली, मंडळानं तिला मान्यताही दिली. तिचे सभासद निवृत्त खेळाडू आहेत. जो आज खेळतो आहे, ज्याच्यावर उद्या बंदी येऊ शकते, त्याला त्या संघटनेत जागा नाही.

नमस्कार.