रस्ता नसलेलं स्टेशन

नमस्कार, श्रोतेहो. स्टेशन म्हटलं की आपल्याला आधी बाहेरचं आवार आठवतं: रिक्षा, चहाची टपरी, गावाकडे जाणारा रस्ता. आज ज्या स्टेशनाबद्दल बोलणार आहे, तिथं गावही नाही आणि सगळ्यात जवळचा सार्वजनिक रस्ता सुमारे 10 मैलांवर आहे.

स्टेशनाचं नाव कोराउर. स्कॉटलंडच्या डोंगराळ प्रदेशात, रॅनक मूर नावाच्या अफाट ओसाड माळावर ते उभं आहे. उंची समुद्रसपाटीपासून 408 मीटर. आपल्या घाटांच्या मानानं ही फार नाही, पण ब्रिटनच्या मुख्य रेल्वेजाळ्यातलं हेच सर्वांत उंच स्टेशन.

माळ म्हणाले खरा, पण पायाखाली जमीन अशी नाहीच. शेवाळ आणि गवत हजारो वर्षं पाण्यात कुजून साचलेला काळा, मऊ थर आहे, त्याला पीट म्हणतात. 1889 च्या जानेवारीत रेल्वेमार्गाची पाहणी करायला सात जण हा माळ पायी ओलांडायला निघाले. इंजिनिअर होते, कंत्राटदार होते, एकाच्या हातात तर छत्री होती! पावसात अंधार पडला, वाट चुकली, माणसं थकून कोसळली. जीव वाचले, एवढंच.

तरीही रूळ पडले. भक्कम तळ सापडेना, तेव्हा मजुरांनी झाडांची मुळं, झुडपं, फांद्या अंथरल्या, वर हजारो टन माती आणि राख टाकली. त्या गादीवर रूळ अक्षरशः तरंगतात. मध्येच पैसा संपला, तेव्हा रेंटन नावाच्या संचालकानं पदरचे पैसे घातले. मजुरांनी एका धोंड्यात त्याचा चेहरा कोरला. शेजारच्या रॅनक स्टेशनात तो आजही आहे. राबणाऱ्या हातांनी आपणहून दिलेला असा मान मला कुठल्याही पुतळ्याहून मोठा वाटतो.

1894 च्या ऑगस्टमध्ये मार्ग सुरू झाला. कोराउरला तेव्हा उतरत ते जमीनदाराचे पाहुणे, हरणांच्या शिकारीला आलेले. आता पाठीवर पिशव्या घेतलेले डोंगरभटके उतरतात आणि मैलभर चालून लॉक ऑसियन तळ्याकाठच्या वसतिगृहात मुक्काम करतात. जुन्या सिग्नल केबिनमध्येही राहता येतं.

लंडनहून रात्री निघणारी शयनयान गाडी सकाळी इथं थांबते. 1995 मध्ये ती बंद करायचं ठरलं होतं. स्थानिक प्रादेशिक परिषद थेट कोर्टात गेली. कायद्यानं ठरलेली प्रक्रिया पाळल्याशिवाय गाडी बंद करता येणार नाही, असा निकाल लागला आणि डबे कमी होऊन का होईना, गाडी राहिली. किती तिकिटं खपतात एवढंच मोजलं असतं, तर ती केव्हाच गेली असती.

आजही सकाळी ती गाडी माळावर थांबते. चार-दोन माणसं उतरतात. तिचा लाल दिवा वळणाआड गेला, की वाऱ्याशिवाय दुसरा आवाज उरत नाही.