मधल्या मजल्यावर काय चाललंय?

मागे आवाज येऊन राहिला नं? कूलरच्या घरघरीत माझं बोलणं बुडत असेल तर हात वर करा, पण कूलर बंद करा असं मी म्हणणार नाही, मे महिन्यात नागपुरात ते पाप कोण करेल.

तर आज बोलायचंय डिस्लेक्सियाबद्दल, म्हणजे मूल हुशार असूनही वाचन-लेखनात अडखळतं ते, आणि ऑटिझमबद्दल, म्हणजे मूल जगाशी, माणसांशी वेगळ्या तऱ्हेने जोडलं जातं ते. त्यासाठी मी येताना एक वही आणलीये. चौथीतल्या एका मुलाची आहे, त्याच्या आईला विचारूनच आणलीये, नाव सांगत नाही. या एका पानावर शाळेत लाल पेनाने चौदा गोल काढलेत आणि खाली शेरा आहे 'निष्काळजी'. खरं सांगते, मी पण पहिल्यांदा गोलच मोजले. मग घरी निवांत बसून बघितलं तर त्यातले सहा गोल 'पानी', 'कोन', 'दाना' असे. आता मला सांगा हे पोरगं घरी काय ऐकतं? आजी म्हणते 'पानी आन बरं', शेजारचे काका दारातून ओरडतात 'कोन होय?' आपल्या वऱ्हाडीत ण चा न होतो, पोराने जे ऐकलं ते इमानदारीत लिहिलं. म्हणजे त्या सहा चुका उलट पुरावा आहेत की याचा कान चांगलं काम करून राहिला. पण उरलेले आठ बघा. 'प्रकाश'चं 'पकाश', 'घागर'चं 'गागर', 'भाकर'चं 'बाकर', आणि 'सुट्टी' एकाच पानावर तीन तऱ्हांनी. असं तर त्याच्या घरी कोणीच बोलत नाही. आजचं माझं सगळं बोलणं या सहा आणि आठमधल्या फरकावर आहे, लाल गोल मात्र सगळे सारखेच.

लंडनला जॉन मॉर्टन आणि उटा फ्रिथ या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1995 साली एक साधी आकृती मांडली. मी ती घरासारखी सांगते. वरचा मजला म्हणजे आपल्याला दिसतं ते, वाचन अडखळतं, डोळ्यात बघत नाही, पंखा चार तास बघत बसतो. तळमजला म्हणजे मेंदू, जनुकं, तिथे आपण जाऊ शकत नाही, स्कॅनवाले जातात. आणि मधला मजला म्हणजे मन त्या माहितीचं नेमकं काय करतं, ऐकलेला आवाज कसा साठवतं, समोरच्याचा अंदाज कसा बांधतं. आपली गोची ही की आपण वरून थेट तळाला उडी मारतो, 'वाचत नाही म्हणजे डोक्यातच काहीतरी असेल', नाहीतर वरच राहतो, 'वाचत नाही म्हणजे आळशी'. मधल्या मजल्याची बेल कोणी वाजवतच नाही.

डिस्लेक्सियाचं बघा. 1896 साली प्रिंगल मॉर्गन नावाच्या इंग्लिश डॉक्टरने पर्सी नावाच्या 14 वर्षांच्या मुलाबद्दल लिहिलं, मुलगा हुशार, गणितात चांगला, पण वाचता येईना. त्याला तेव्हा शब्दांधत्व म्हटलं गेलं, आणि मग किती तरी वर्षं सगळे डोळ्यांकडेच बघत बसले, अक्षरं उलटी दिसतात वगैरे, अजूनही पालक पहिले चष्म्याच्या दुकानात जातात. पुढे 1970 नंतरच्या संशोधनात हळूहळू लक्षात आलं की बहुतेक मुलांची अडचण डोळ्यात नाहीच, शब्दातले आवाज सुटे करून धरून ठेवण्यात आहे. हे घरी पण बघता येतं. मुलाला म्हणा 'कमळ' मधला 'म' काढला तर काय उरतं? 'कळ'. वहीवालं पोरगं यावर बराच वेळ छताकडे बघत बसलं आणि मग म्हणालं 'मळ'. किंवा अर्थ नसलेला शब्द द्या, 'टिमलुपाड', आणि म्हणा मागून म्हण. अर्थच नाही म्हटल्यावर आठवणीचा आधार नाही, नुसता आवाज धरावा लागतो, आणि तिथे ही मुलं घसरतात. यावर निदान होत नाही बरं का, लगेच फोन काढून लिहून घेऊ नका, ही फक्त मधल्या मजल्याची एक खिडकी आहे.

आता आपल्या लिपीची गंमत, कारण पुस्तकं सगळी इंग्रजीवरून येतात आणि आपली मुलं वाचतात देवनागरी. एकीकडे देवनागरी सोपी, जवळपास जसं बोलतो तसं लिहितो. दुसरीकडे 'कि' घ्या, आधी क बोलतो मग इ, पण हात वेलांटी आधी काढतो. आणि र, र ने तर छळलंय. 'सूर्य'मध्ये तो य च्या डोक्यावर चढतो, 'चक्र'मध्ये खाली तिरपा, 'ट्रक'मध्ये छत्रीसारखा, 'दऱ्या'मध्ये नुसती आडवी रेघ, आवाज एकच आणि कपडे चार. सोनाली नाग या संशोधक आहेत, त्यांनी कन्नड शाळांमधल्या मुलांवर जे काम केलं त्यात पण दिसतं की आपल्या लिप्यांमध्ये अक्षरांचा पसारा एवढा मोठा की तो पक्का व्हायला कित्येक वर्षं लागतात, इंग्रजी मुळाक्षरांसारखं पहिल्याच वर्षात उरकत नाही. म्हणून दुसरीतलं पोर जोडाक्षरावर अडलं की लगेच घाबरायचं नाही.

पण याच्या उलट पण होतं आणि मला त्याची जास्त काळजी वाटते. 2001 साली पाउलेसू नावाच्या मेंदू संशोधकाने आणि त्यांच्या साथीदारांनी इटालियन, फ्रेंच आणि इंग्रजी वाचणाऱ्या डिस्लेक्सिक कॉलेज विद्यार्थ्यांचे मेंदू वाचताना तपासले. तिघांतही मेंदूच्या डाव्या बाजूचा तोच भाग कमी काम करताना दिसला, पण वाचन मात्र इटालियन मुलांचं बरंच अचूक, कारण त्यांची लिपी सरळ. म्हणजे तळमजला तोच, वरचा मजला वेगळा! आता हे आपल्याकडे लावून बघा. मराठी माध्यमातलं पोर मराठी बरोबर वाचतं, फक्त हळू, एकेक अक्षर चावत, सर म्हणतात संथ आहे पण चालतंय. आणि इंग्रजीत तेच पोर धडाधड आपटतं, तेव्हा म्हणतात घरी इंग्रजीचं वातावरण नाही. कधी खरंच वातावरण नसतं, मान्य, पण कधी ती तीच अडचण असते जी मराठीत लपली होती. म्हणून मुलाला त्याच्या भाषेत तपासणं गरजेचं, मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने डिस्लेक्सिया तपासायला डाली नावाची चाचणी केलीये त्यात मराठी पण आहे, मागा, विचारा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आणि लर्निंग डिसॅबिलिटी, म्हणजे डिस्लेक्सियासारख्या शिकण्यातल्या अडचणी, दोन्ही आहेत, म्हणून मदत हा मुलाचा हक्क आहे, शाळा उपकार करत नाहीये तुमच्यावर.

आता ऑटिझम. लिओ कॅनर या मानसोपचाराच्या डॉक्टरने 1943 मध्ये अशा 11 मुलांबद्दल लिहिलं, आणि त्यानंतर बरीच वर्षं दोष आयांवर गेला, आई थंड, आई प्रेम करत नाही. इथे बसलेल्या दोन आयांनी मला सांगितलंय की त्यांना हे आजही ऐकवतात, फक्त आता 'तू मोबाईल दिलास' असं म्हणतात.

मला स्वतःला सगळ्यात आवडतो तो हर्मेलिन आणि ओ'कॉनर या दोन मानसशास्त्रज्ञांचा 1960 च्या दशकातला प्रयोग. आपण 'काल आईने बाजारातून गोड संत्री आणली' हे वाक्य पटकन लक्षात ठेवतो, पण 'गोड काल बाजारातून आणली संत्री आईने' असं विस्कटून दिलं की अर्धे शब्द सांडतात. ऑटिस्टिक मुलांचा हा फरक बराच कमी होता, अर्थ लागो न लागो, शब्द जवळपास तेवढेच राहायचे. मघाच्या आकृतीवाल्या फ्रिथबाई याच दोघांच्या हाताखाली तयार झाल्या, आणि पुढे त्यांनी म्हटलं की इथे तुकडे सुटे राहतात, चित्र आपोआप एक होत नाही. त्याचा फायदा पण असतो, मोठ्या चित्रात लपलेली छोटी आकृती ही मुलं भराभर शोधतात. आमच्याकडे येणाऱ्या एका मुलीने दिवाळीतल्या भल्यामोठ्या रांगोळीत सुटलेला एक ठिपका दारातूनच दाखवला होता, रांगोळी काढणाऱ्या मावशींना बारीक राग आला तो वेगळा.

आणि मग 1985 ची प्रसिद्ध बाहुल्यांची गोष्ट, बॅरन-कोहेन, लेस्ली आणि फ्रिथ या तिघांनी मुलांवर केलेला प्रयोग. मी ती नागपुरी करून घेतली होती. पिंकी संत्रा बर्फी कपाटात ठेवते आणि खेळायला जाते, बबलू ती काढून फ्रीजमध्ये ठेवतो, आता पिंकी आल्यावर कुठे शोधेल? चार-पाच वर्षांचं साधारण मूल म्हणतं कपाटात, कारण तिला माहीतच नाही. मूळ प्रयोगात 20 ऑटिस्टिक मुलांपैकी 16 जणांनी वस्तू खरंच जिथे होती तीच जागा दाखवली, आणि बौद्धिक वय कमी असलेली डाऊन सिंड्रोमची मुलं मात्र 14 पैकी 12 बरोबर. म्हणजे हा प्रश्न हुशारीचा नाही, दुसऱ्याच्या डोक्यात काय आहे ते धरण्याचा आहे. पण ते 4 बरोबर आले त्यांचं काय, हे विचारायला लोक विसरले आणि 'यांना दुसऱ्याचं मन कळत नाही' असा शिक्का फिरू लागला. डेमियन मिल्टन स्वतः ऑटिस्टिक आहेत, समाजशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी 2012 मध्ये विचारलं की बाबांनो, तुम्हाला तरी आमचं मन कुठे कळतं? अडचण दोन्ही बाजूंची आहे. मला हे पटतं, पूर्ण नाही, पण बरंच पटतं.

कारण मलाही एका सात वर्षांच्या पोराने धडा दिलाय. त्याला मी बर्फीची गोष्ट सांगितली, त्याने ताडकन सांगितलं, 'फ्रीजमध्ये'. मी फॉर्मवर फुली मारली. सवयीने नुसतं विचारलं, का रे? तर म्हणतो, 'उन्हाळ्यात बर्फी कपाटात ठेवली तर खराब होते, पिंकीच्या आईने तिला मारलं असतं नं, म्हणून तिला वाटेल आईने उचलून फ्रीजमध्ये ठेवली असेल.' पिंकीचं मन तर धरलंच, तिच्या आईचं पण धरलं, आणि माझ्या फॉर्मवर नापास! ती फुली मी खोडली, पण फॉर्ममध्ये याचं काय करायचं त्याला रकानाच नव्हता. तेव्हापासून बर्फी बंद केलीये, आता चेंडू आहे.