ईआरपीनेक्स्ट बसवलं, पण स्टोअरचा हिशेब जुळेना? कोडला हात लावण्याआधी हे बघा

नमस्कार मंडळी!

(हातात लोखंडाचा तुकडा)

हा तुकडा नीट बघा. 25 एमएमचा राउंड बार, 120 एमएम लांबीला कापलेला. भोसरीच्या एका कारखान्यातून मागून आणलाय. हा विकत आला किलोवर, कापला गेला एमएमवर आणि बुश, म्हणजे मशीनमध्ये बसणारी गोल नळी, होऊन गिऱ्हाइकाकडे जाणार नगावर. आज ईआरपीनेक्स्टबद्दल बोलायचंय, आणि शिकताना जिथे जिथे अडायला होतं त्यातलं बरंचसं या तुकड्यात दिसतं. म्हणून तो इथे टेबलावरच राहू दे.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात सांगते. खरेदी, स्टोअर, उत्पादन, विक्री, हिशेब हे सगळं एका जागी ठेवणारं हे सॉफ्टवेअर. ओपन सोर्स आहे, जीपीएल लायसन्सखाली. म्हणजे कोड सगळ्यांना खुला आणि लायसन्सचे पैसे नाहीत. आणि ते आपल्या मुंबईत तयार झालं. ऋषभ मेहता यांनी घरच्या फर्निचरच्या धंद्यासाठी सुरुवात केली, 2008 मध्ये त्याची कंपनी झाली, तीच आजची फ्रापे. तीस-चाळीस माणसांच्या कारखान्याला असं काही हातात मिळतंय, याचा मला फार आनंद आहे.

पण मला पहिला प्रश्न येतो तो असा, "मॅडम, शिकायला किती दिवस लागतील?" स्क्रीन शिकायला आठवडा पुरतो. वेळ जातो तो सॉफ्टवेअर जे प्रश्न विचारतं त्यांची उत्तरं शोधण्यात. कारण ती कुठे लिहिलेलीच नसतात.

हा तुकडाच घ्या. आयटम मास्टरमध्ये, म्हणजे प्रत्येक वस्तूची माहिती भरायच्या जागी, पहिल्याच पानावर विचारलं जातं, मूळ एकक कोणतं? किलो, मीटर की नग? घाईत कुणीतरी नग निवडतं. मग 500 किलो बारचं बिल येतं आणि सगळे एकमेकांकडे बघतात. बरं, एकदा त्या आयटमवर व्यवहार झाले की मूळ एकक सरळ बदलता येत नाही. नवा आयटम उघडून शिल्लक तिकडे हलवावी लागते.

हा हिशेब आमच्या स्टोअरकीपर काकांच्या डोक्यात तयार होता. व्यासाचा वर्ग भागिले 162, की एका मीटरचं वजन किलोत मिळतं. 25 चा वर्ग 625, भागिले 162, म्हणजे 3.86 किलो. 120 एमएमचा तुकडा साधारण 463 ग्रॅम. मी तेवढंच बीओएममध्ये टाकलं, म्हणजे एका नगाला किती कच्चा माल लागतो त्या यादीत. महिनाअखेरीस शिल्लक जुळेना. काका म्हणाले, "मॅडम, ब्लेड खातं ते धरलं का?" प्रत्येक कापाला तीन एमएम. ग्रॅममध्ये साडेअकरा. हजार तुकड्यांमागे साडेअकरा किलो माल कागदावर शिल्लक आणि प्रत्यक्षात बुरा होऊन गेलेला! हे मला कुठल्याही डॉक्युमेंटेशनमध्ये मिळालं नसतं. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे, पहिल्या मीटिंगला मालक आणि अकाउंटंट यांच्यासोबत स्टोअरकीपर हवाच. आणि त्याला कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसवू नका.

आता दुसरी गोष्ट. दुपारी बारचा टेम्पो आला, माल तसाच मशीनवर चढला. बिल अकाउंटंटकडे दोन दिवसांनी पोचलं. मधल्या वेळात उत्पादनाची एन्ट्री करायला गेलात की ईआरपीनेक्स्ट अडवतं, गोदामात एवढा माल नाहीच. मग कुणीतरी यूट्यूबवर बघून सांगतं, सेटिंगमध्ये निगेटिव्ह स्टॉकची, म्हणजे शिल्लक शून्याखाली जाऊ द्यायची, परवानगी देऊन टाका. काम लगेच पुढे सरकतं, म्हणून ही टिक फार मोहात पाडते. पण ज्या मालाची खरेदी नोंदलेलीच नाही, तो कोणत्या दराने बाहेर गेला धरायचा? खरेदी मागून नोंदली की त्यानंतरच्या सगळ्या किमती पुन्हा मोजाव्या लागतात, आणि तोवर मालकाच्या समोरचा नफ्याचा आकडा चुकीचा असतो.

इथे सॉफ्टवेअर बरोबर होतं, आमची रीत चुकत होती. माल आल्याची पावती आणि खरेदीचं बिल या ईआरपीनेक्स्टमध्ये दोन वेगळ्या नोंदी आहेत. गेटवर माल उतरला की पावती करा, बिल सावकाश येऊ दे. आम्ही काकांच्या टेबलावर एक जुना लॅपटॉप ठेवला, टेम्पो उभा असतानाच वजन बघून पावती व्हायला लागली, आणि तो एरर बंद झाला. यासाठी कोडची एक ओळही लिहिली नाही.

टॅलीवर हात बसलेल्यांना अजून एक धक्का बसतो. तिथे व्हाउचर उघडलं, आकडा बदलला, सेव्ह केलं. इथे सबमिट केलेलं बिल उघडून आकडा बदलता येत नाही. रद्द करायचं, मग अमेंड करायचं, म्हणजे त्याची दुरुस्त प्रत काढायची, आणि नव्या बिलाच्या नंबरापुढे वजा एक लागतं. अकाउंटंट ताई माझ्यावर खरंच चिडल्या होत्या. पण जुनं बिल रद्द म्हणून तिथेच राहतं, कुणी कधी काय केलं ते दिसतं. शिवाय 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला प्रत्येक बदलाची नोंद ठेवणं नियमानेच बंधनकारक आहे. "हे जरा टॅलीसारखं करून द्या ना," असं कुणी म्हटलं तर या ठिकाणी मी नाही म्हणते. आणि ते नाही मी बदलत नाही.

मग बदल करायचेच नाहीत का? करायचे! त्यासाठीच तर ओपन सोर्स घेतलंय. पण कुठे करायचे, हे कळायला मला स्वतःला एक वर्ष लागलं.

सुरुवातीच्या काळात एका कारखान्यात मी सरळ ईआरपीनेक्स्टच्या मूळ फाइलमध्ये हात घातला. जीएसटीच्या भागात, पंधरा-वीस ओळी. त्या दिवशी चाललं. पुढे अपडेट मारायला गेले तर बेंचने, म्हणजे ईआरपीनेक्स्ट बसवायच्या आणि अपडेट करायच्या टूलने, थांबवलं, तुमचे बदल कमिट (पक्के नोंद) केलेले नाहीत, पुढे जाता येणार नाही. रिसेट केलं तर माझे बदल पुसले जाणार होते. आणि 14 व्या आवृत्तीत भारताच्या जीएसटीचा तो सगळा भागच मूळ सॉफ्टवेअरमधून काढून इंडिया कम्प्लायन्स नावाच्या वेगळ्या ॲपमध्ये गेला होता. मी जिथे ओळी लिहिल्या होत्या ती जागाच उरली नव्हती. तो कारखाना पाच महिने जुन्या आवृत्तीवर अडकला. त्यांची काहीच चूक नव्हती.

तेव्हापासून मी मूळ कोडला हात लावत नाही. आधी सेटिंग बघते. मग कस्टमाइज फॉर्ममधून फील्ड, म्हणजे स्क्रीनवर नवा रकाना. छापील कागद हवा असेल तर प्रिंट फॉरमॅट. त्यानेही भागलं नाही तर आपलं वेगळं ॲप, हुक्स वापरून, म्हणजे मूळ कोड न बदलता त्याला आपला कोड जोडायच्या जागा वापरून. अपडेट आलं तरी आपलं आपल्या जागी राहतं.

एक बदल मात्र जवळून दाखवते, कारण तो मनापासून करण्यासारखा होता.

(स्क्रीनवर: जॉबवर्कचं, म्हणजे बाहेरून करून घ्यायच्या कामाचं चलान)

आपल्याकडे प्लेटिंगला माल बाहेर पाठवतात त्या कागदाला आजही सत्तावन्न एफ फोर म्हणतात. ते नाव जुन्या एक्साइज नियमाचं. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला, नियम बदलला, नाव मात्र शॉप फ्लोअरवर तसंच राहिलं. ईआरपीनेक्स्टमध्ये हे सबकॉन्ट्रॅक्टिंग नावाच्या भागातून होतं, आणि तिथे तीन आयटम लागतात. प्लेटिंगआधीचा बुश, प्लेटिंगनंतरचा बुश आणि प्लेटिंग ही सेवा. एकाच वस्तूला तीन कोड कशाला, यावर आमचा एक अख्खा दिवस गेला. पण नीट विचार केला तर प्लेटिंगवाल्याकडे पडलेला बुश आणि आपल्या रॅकमधला तयार बुश यांची किंमत वेगळी, जागाही वेगळी. हे पटल्यावर आम्ही ते आहे तसं स्वीकारलं.

पण चलान पुरत नव्हतं. प्लेटिंगवाला मोजतो किलोवर, आपण नगावर. दोन्ही आकडे एका कागदावर हवेत, नाहीतर परत येताना वाद ठरलेला. म्हणून वजनाचं एक फील्ड वाढवलं आणि प्रिंट फॉरमॅट नवा केला. वर शीर्षकात 57एफ4 हे शब्दही ठेवले, कारण पलीकडचा माणूस तोच कागद शोधतो. शिवाय जॉबवर्कला गेलेला कच्चा माल जीएसटीप्रमाणे एका वर्षात परत यावा लागतो. म्हणून 300 दिवस उलटलेली चलानं दाखवणारा एक रिपोर्ट केला. पहिल्यांदा चालवला तेव्हा त्यात चार चलानं निघाली. त्यातलं एक कुणाच्याच लक्षात नव्हतं.

जाता जाता ओडूबद्दल, कारण कमेंटमध्ये तुम्ही विचारता. ते बेल्जियमचं, तेही चांगलं. पण त्याच्या कम्युनिटी आणि एंटरप्राइज अशा दोन आवृत्त्या आहेत आणि पूर्ण अकाउंटिंग एंटरप्राइजमध्ये मिळतं. ठरवण्याआधी तेवढं तपासा.

आणि काका. सहा महिन्यांनी त्यांनीच मला विचारलं, "मॅडम, आयटममध्ये रॅक नंबर टाकता येईल का? मी सुट्टीवर असलो की पोरं बार शोधत बसतात." मी टेस्ट साइट, म्हणजे सरावाची वेगळी प्रत, उघडून दिली आणि शेजारी बसले. फील्ड त्यांनी स्वतः वाढवलं, नाव मराठीत दिलं. मी ते फक्त खऱ्या साइटवर चढवलं. मे महिन्यात ते आठ दिवस गावी गेले होते. एकही फोन आला नाही.

पुढच्या व्हिडिओत त्या चलानाचा प्रिंट फॉरमॅट ओळ-न्-ओळ उघडून दाखवते. तुमच्याकडे चलानावर कोणते रकाने लागतात ते खाली लिहून ठेवा, ते धरूनच बनवू.